पुरी तिबिलिसीची, रोटी मलेशियाची

"जॉर्जियात वडिलांना 'मामा' म्हणतात आणि ब्रेडला 'पुरी'!" सकाळच्या चहाला मी हे सांगितलं तेव्हा आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवून माझ्याकडे नुसतं बघितलं. "आणि आईला?" "देदा." "चाळिशी उलटल्यावर हे काय नवीन खूळ?" असं म्हणून पेपर पुन्हा वर.

मैत्रिणींनो, खुळाचं कारण सांगते. माझी लेक तिबिलिसीला डॉक्टरकी शिकतेय. आपल्याकडची बरीच मुलं जातात, तशीच तीही गेली. पहिल्याच हिवाळ्यात तापाने आडवी झाली. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सत्तरीच्या घरमालकीणबाई दोन दिवस तिच्या उशाशी बसल्या. व्हिडिओ कॉलवर त्या माझ्याशी बोलत होत्या, मी त्यांच्याशी, आणि दोघींना एकमेकींचं अवाक्षर कळत नव्हतं. तापाने फणफणलेली पोरच दुभाषी! फोन ठेवल्यावर मला रडूच आलं. मी मराठी घेऊन बी.ए. झाले, बचत गटाच्या बैठकांत तासतासभर बोलते. पण माझ्या लेकीला जिनं सूप पाजलं तिचे आभार मानायला माझ्याकडे एक शब्द नव्हता. दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली.

त्यात माझ्या धाकट्या जावेनं फाटा फोडला. ती क्वालालंपूरजवळ राहते. म्हणाली, "ताई, शिकायचंच तर मलय शिका. आठवड्यात बोलू लागाल." म्हटलं, बघू या. वहीची डावी पानं जॉर्जियनला, उजवी मलयला!

उजवी पानं भराभर भरली, हे कबूल करते. मलय तर आपल्याच घरातली वाटते. भाषा म्हणजे 'बाहासा', नाव 'नामा', रंग 'वार्ना', गुपित 'राह्सिया' (आपलं रहस्य हो!). नवरा 'सुआमी' आणि बायको 'इस्तेरी', म्हणजे स्वामी आणि स्त्री. (स्वामी वाचून ह्यांनी पहिल्यांदाच वहीत रस घेतला.) शेकडो वर्षं आपल्याकडून व्यापारी आणि पंडित तिकडे जात होते, त्यांच्याबरोबर संस्कृत शब्द गेले. सुमात्रात सातव्या शतकातले जुन्या मलयमधले शिलालेख सापडले आहेत, तेही दक्षिणेतल्या पल्लव लिपीत कोरलेले. आज मलय रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे नवी अक्षरं गिरवायला नकोत. क्रियापदंही बदलत नाहीत. 'माकान' म्हणजे जेवणं. आधी 'सुदाह' लावलं की जेवून झालं, 'आकान' लावलं की जेवणार. भेटल्यावर 'सुदाह माकान?' असं विचारतात, म्हणजे आपलं 'जेवण झालं का?'च की! एकाहून जास्त मुलं सांगायची तर 'आनाक-आनाक', शब्द दोनदा म्हटला की काम झालं.

मला सगळ्यात आवडलं ते 'किता' आणि 'कामी'. ऐकणाऱ्याला धरून 'आपण' म्हणायचं तर किता, त्याला वगळून 'आम्ही' म्हणायचं तर कामी. इंग्रजीत हा भेद नाही, हिंदीत नाही, जॉर्जियनमध्येही नाही. आपल्याला मात्र तो कुणी शिकवावा लागत नाही. तांदळाचंही तसंच. शेतातला 'पादी', पोत्यातला 'बरास', ताटातला 'नासी'. कोकणातल्या बायकांना यात नवल वाटणार नाही.

पण मलय अगदीच सोपी नाही. 'आजार' या मुळापासून बलाजार म्हणजे शिकणं, मंगाजार म्हणजे शिकवणं, पलाजार म्हणजे विद्यार्थी. पुढे-मागे काहीतरी चिकटतं आणि अर्थ फिरतो. इथे जाऊबाईंचा आठवडा संपला आणि माझे तीन महिने गेले.

डावी पानं मात्र रडवत होती. जॉर्जियन लिपीची ३३ अक्षरं, द्राक्षाच्या वेलीसारखी वळणदार. लिहितात तसंच वाचायचं, ही त्यातली चांगली बाजू. पण व्यंजनं एकावर एक! पाण्याचा शब्द 'त्स्कली', आणि त्यातला 'क' घशाच्या तळातून झटका देऊन काढायचा. पंधरा दिवस माझी उचकी चालू होती म्हणा ना! रशियन, तुर्की, फारसी अशा शेजारच्या मोठ्या भाषांशी तिचं नातं नाही, तिचं कुटुंबच वेगळं.

तरीही एक मजा झाली. 'चूल'मधला च आणि 'चिंच'मधला च आपण वेगळे बोलतो. जॉर्जियनमध्ये ते दोन्ही आहेत, म्हणून निम्मी लढाई आपण जन्मतःच जिंकलेली. व्याकरण उघडलं आणि मी चकितच झाले. आई ब्रेड भाजते, तेव्हा ती 'देदा'. आईने ब्रेड भाजला, की 'देदाम'! भूतकाळ आला की कर्त्याला शेपूट, अगदी आपल्या 'आई'ची 'आईने' होते तसं. शिवाय तिथेही 'मी भुकेली' नाही, 'मला भूक लागलीय'. एकच शब्द, 'म्शिया'. 'तुला भूक लागलीय का?' तर 'ग्शिया?' घरमालकीणबाई लेकीला रोज हेच विचारतात म्हणे.

मोजणी विसांची. वीस म्हणजे 'ओत्सी', चाळीस म्हणजे दोन ओत्सी, साठ म्हणजे तीन. आमच्या गटातल्या भाजीवाल्या आजींना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "त्यात काय? दोन विसा, तीन विसा. आम्ही तसंच मोजायचो." ह्यांना मी सांगून टाकलं, मी चाळिशीची नाही, दोनदा विशीची आहे.

दोन्ही भाषांत तो, ती, ते असा भेद नाही. मलयमध्ये सगळ्यांना 'दिआ', जॉर्जियनमध्ये 'इस'. जाऊ म्हणते, शेजारीण 'दिआ'बद्दल तक्रार करते तेव्हा ती मुलाची की सुनेची, हे कळायला निम्मी दुपार जाते!

आणि एवढ्याशा भाषेचा कणखरपणा बघा. जॉर्जियन बोलणारे चाळीस लाखांच्या आसपास, मलय आणि तिचंच रूप असलेली इंडोनेशियन बोलणारे वीस कोटींहून अधिक. पण १९७८ साली सोव्हिएत काळात जॉर्जियनचा राजभाषेचा दर्जा काढायचं घाटलं, तेव्हा १४ एप्रिलला तिबिलिसीत हजारो माणसं, त्यात विद्यार्थी किती तरी, रस्त्यावर उतरली आणि सरकारला माघार घ्यावी लागली. तो दिवस तिथे आजही भाषेचा दिवस म्हणून पाळतात.

परवा लेकीचा फोन आला. बेबिया, म्हणजे आजी, शेजारीच होत्या. मी वही मिटली, घसा साफ केला आणि म्हणाले, "गमार्जोबा, बेबिया. दीदी मादलोबा." नमस्कार, खूप खूप आभार. त्यांनी हात गालाला लावले आणि जे बोलायला लागल्या ते थांबेचनात. मला त्यातलं 'देदा' कळलं, 'पुरी' कळलं आणि मधूनमधून 'हो' कळलं, कारण त्यांच्याकडेही होकाराला 'हो'च म्हणतात. त्यांनी ओव्हनमधली लांबुडकी पुरी कॅमेऱ्यासमोर धरली. मीही धावत जाऊन सकाळच्या टम्म फुगलेल्यांतली एक आणली आणि दाखवली.

"पुरी!" मी म्हटलं.

त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं आणि खो खो हसत मान हलवली. "आरा, आरा!" म्हणजे, छे गं, ही कसली पुरी!