‘हिगल्डी-पिगल्डी’ : एका खेळकर इंग्रजी विशेषणाचा अर्थ आणि उगम

प्रस्तावना

इंग्रजी भाषेत काही विशेषणे अशी आहेत की, ती गंभीर लेखनात आढळली तर वाचक किंचित दचकतो. ‘हिगल्डी-पिगल्डी’ हे त्यांपैकी एक होय. कोशात त्याचा अर्थ ‘अस्ताव्यस्त’, ‘कसेही विखुरलेले’ असा दिला जातो आणि तो चुकीचा नाही. मात्र 1859 साली याच शब्दाने चार्ल्स डार्विनसारखा शास्त्रज्ञ व्यथित झाला होता. घरातील पसाऱ्याला लावावयाचा शब्द एका सिद्धान्ताला लावला गेला, तेव्हा तो इतका का झोंबला, याचे उत्तर केवळ कोशातील अर्थाने मिळत नाही. त्यासाठी शब्दाची घडण पाहावी लागते.

व्युत्पत्ती आणि घडण

हा शब्द सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून लिखित इंग्रजीत आढळतो. आरंभी तो क्रियाविशेषण होता. विशेषण व नाम म्हणून त्याचा वापर नंतरचा. त्याची व्युत्पत्ती निर्विवाद नाही. उत्तरार्धात ‘पिग’ म्हणजे डुक्कर हा शब्द दडलेला असावा व डुकरांच्या कळपाची दाटी आणि घाण ही कल्पना त्यामागे असावी, हे मत सामान्यतः ग्राह्य मानले जाते. पूर्वार्धाला मात्र स्वतंत्र अर्थ नाही. घासाघीस करणे या अर्थाचे ‘हिगल’ हे क्रियापद इंग्रजीत आहे. परंतु ते लिखित रूपात सतराव्या शतकात, म्हणजे नंतर आढळते. सबब त्याच्याशी नाते जोडणे सयुक्तिक ठरत नाही.

अर्थ नसलेला हा पूर्वार्ध मराठी भाषकाला अपरिचित वाटू नये. ‘चहाबिहा’, ‘जेवणबिवण’ या शब्दांत मूळ शब्द आधी व त्याचा प्रतिध्वनी नंतर येतो. याउलट ‘आजूबाजू’, ‘अदलाबदल’, ‘अवतीभवती’, ‘अघळपघळ’ या शब्दांत प्रतिध्वनी आधी येतो. ‘बाजू’, ‘बदल’, ‘भवती’ यांना अर्थ आहे, ‘पघळ’मागे ‘पघळणे’ हे क्रियापद आहे. पूर्वार्ध तेवढा आद्य व्यंजन गाळून तयार झालेला. इंग्रजीत या गाळलेल्या व्यंजनाच्या जागी बहुधा ‘ह’ येतो. ‘हगर-मगर’, ‘हेल्टर-स्केल्टर’, ‘हँकी-पँकी’ अशी या कुळाची मोठी यादी देता येईल. ‘हॉज-पॉज’ हा शब्द तर मूळचा फ्रेंच, एका शिजवलेल्या मिश्र पदार्थाचे नाव. इंग्रजीत आल्यावर तोही याच साच्यात बसविला गेला. अर्थात नियम सरसकट नाही. ‘हॉइटी-टॉइटी’ या शब्दात अर्थ पूर्वार्धात आहे आणि प्रतिध्वनी मागाहून येतो.

असे शब्द पाळण्यापुरते किंवा बालगीतांपुरते होते, असा समज आढळतो. तो टिकणारा नाही. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये पहिल्याच प्रवेशात चेटकिणींच्या तोंडी ‘हर्ली-बर्ली’ येतो आणि तो युद्धाच्या धुमश्चक्रीविषयी आहे. ‘हॅम्लेट’मध्ये पोलोनियसचे दफन घाईगर्दीने, चोरून उरकले, याची खंत राजा ‘हगर-मगर’ या शब्दाने व्यक्त करतो.

‘हिगल्डी-पिगल्डी’ची लयही लक्षणीय आहे. प्रत्येक अर्धात एक आघातयुक्त व दोन आघातहीन अक्षरे येतात. इंग्रजी छंद आघातावर आणि आपली गणवृत्ते मात्रेवर चालत असल्याने तुलना काटेकोर नव्हे. तरीही आपल्या भगणाची येथे आठवण होते. विसाव्या शतकात अमेरिकन कवींनी या लयीवर आठ ओळींचा एक विनोदी पद्यप्रकार रचला. अँथनी हेक्ट व जॉन हॉलंडर यांनी त्याचे संकलन 1967 मध्ये प्रसिद्ध केले.

डार्विन आणि हर्शेल

डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ 24 नोव्हेंबर 1859 रोजी प्रसिद्ध झाला. ज्यांच्या अभिप्रायाची त्याला विशेष उत्सुकता होती, त्यांत खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल होते. केंब्रिजमध्ये शिकत असताना हर्शेल यांच्या विज्ञानपद्धतीवरील ग्रंथाने डार्विनला विज्ञानाकडे ओढले होते; 1836 मध्ये केप येथे त्यांची प्रत्यक्ष भेटही झाली होती. ग्रंथाच्या आरंभीच ज्या थोर तत्त्वचिंतकाचा निर्देश येतो, ते हर्शेलच. दोनच आठवड्यांनी, 10 डिसेंबर रोजी, डार्विनने भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल यांना कळविले की, हर्शेल यांनी ग्रंथाला ‘हिगल्डी-पिगल्डीचा नियम’ म्हटल्याचे आडवळणाने कानी आले आहे. याचा नेमका अर्थ समजत नाही, पण त्यात तिरस्कार आहे हे उघड आहे, आणि हे खरे असेल तर तो मोठा आघात आहे, असा त्या मजकुराचा आशय होता.

येथे शब्दाचा खरा अर्थ हाती लागतो. ‘अस्ताव्यस्त’ म्हटल्याने केवळ स्थितीचे वर्णन होते; ‘हिगल्डी-पिगल्डी’ने बोलणारा त्या स्थितीमागे काही व्यवस्था असण्याची शक्यताच हसण्यावारी नेतो. त्याला ‘नियम’ हा शब्द जोडला की उपहास पूर्ण होतो. म्हणून ‘अस्ताव्यस्ततेचा नियम’ हे भाषांतर शब्दशः बरोबर असूनही निर्जीव ठरते; ‘सावळ्यागोंधळाचा नियम’ त्याच्या अधिक जवळ जाते. हर्शेल यांचा आक्षेप काय होता, हे 1861 मध्ये भौतिक भूगोलावरील त्यांच्या पुस्तकातील टीपेने स्पष्ट केले. स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये शब्दांच्या चौकटी फिरवून ग्रंथ तयार करणारे एक यंत्र आहे. त्या यंत्रातून शेक्सपिअर किंवा न्यूटनचा ‘प्रिन्सिपिआ’ निघणार नाही, तसे यादृच्छिक बदल आणि नैसर्गिक निवड एवढ्यानेच जीवसृष्टीचा उलगडा होत नाही, असे त्यांचे म्हणणे. डार्विनच्या सिद्धान्तात बदल दिशाहीन असले तरी निवड दिशाहीन नव्हती. टोमण्यात हा भेद पुसला गेला होता. 1882 मध्ये डार्विनचे दफन वेस्टमिन्स्टर ॲबीत हर्शेल यांच्या शेजारीच झाले.

नंतरचा वापर

विशेष हे की, पुढे एका अर्थशास्त्रज्ञाने हाच शब्द उपहासासाठी नव्हे, तर निष्कर्ष म्हणून स्वीकारला. भारतीय अर्थव्यवस्थेचे अभ्यासक म्हणूनही परिचित असलेले आय. एम. डी. लिटल यांनी 1962 मध्ये ब्रिटिश कंपन्यांच्या नफ्याची वाढ तपासली. मागील वाढीवरून पुढील वाढीचा अंदाज बांधता येत नाही, असे त्यांना आढळले. लेखाला त्यांनी शीर्षक दिले ‘हिगल्डी-पिगल्डी ग्रोथ’. 1966 मध्ये ए. सी. रेनर यांच्यासह त्यांनी तोच विषय पुस्तकरूपाने विस्ताराने मांडला, तेव्हा जुन्याच शीर्षकाला एक शब्द जोडणे पुरेसे झाले : ‘अगेन’.