कर्जवसुली अधिकाऱ्याचा अभ्यास

मार्चअखेर जवळ आली की परभणी जिल्ह्यातील विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थांमध्ये थकबाकीच्या याद्या तयार होऊ लागतात. कापूस वा सोयाबीनचे पीक साधले तर कर्ज फिटते. पावसाने दगा दिला तर ते अंगावर राहते. ठेवीदारांचा पैसा परत मिळाला पाहिजे आणि कर्जदाराचा संसारही उघड्यावर येता कामा नये, अशा पेचात ज्याला काम करावे लागते तो वसुली अधिकारी. त्याच्या हाती जप्तीचा अधिकार असतो. त्या अधिकाराच्या मर्यादा त्याने आधी शिकणे म्हणूनच अगत्याचे आहे.

सहकार क्षेत्रात या कामाकडे वळणारे अनेक पदवीधर सहकार व लेखा पदविका, म्हणजे सर्वपरिचित जी. डी. सी. अँड ए., ही परीक्षा देतात. राज्याच्या सहकार खात्यामार्फत ती घेण्यात येते. लेखाशास्त्र आणि लेखापरीक्षणाबरोबर सहकारी कायद्याचा अभ्यास तीत करावा लागतो. मात्र ही पदविका म्हणजे वसुलीचा परवाना नव्हे. जप्ती व विक्रीचे अधिकार महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १५६ अन्वये निबंधकांकडे असतात आणि ते ज्याला प्रदान करण्यात येतात त्यालाच वापरता येतात.

वसुलीची सुरुवात बहुधा कलम १०१ खालील दाखल्याने होते. संस्थेने अर्ज करावा, निबंधकांनी चौकशी करून दाखला द्यावा, आणि मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुलीयोग्य ठरावी, असा हा क्रम आहे. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करता येतो; परंतु त्यासाठी येणे रकमेपैकी ५० टक्के रक्कम आधी संस्थेकडे भरावी लागते. गरीब कर्जदाराच्या दृष्टीने ही अट जड आहे. यास्तव त्याने आपले म्हणणे चौकशीच्या वेळीच मांडणे हिताचे ठरते, आणि ही गोष्ट त्याला वेळीच समजावून सांगणारा अधिकारी संस्थेचेही पुढचे श्रम वाचवतो.

अभ्यासाचा गाभा म्हणजे १९६१ च्या नियमांतील नियम १०७. प्रथम मागणीची नोटीस द्यावयाची. मुदतीत भरणा न झाल्यासच जप्ती. जप्ती सूर्योदयानंतर व सूर्यास्तापूर्वीच करावी लागते. ती थकबाकीच्या प्रमाणात असावी, असे बंधन आहे. दहा हजारांसाठी लाखाचा माल उचलता येत नाही. जप्त मालाची यादी करून तिची प्रत थकबाकीदारास द्यावी लागते. घराचे बाहेरचे दार बंद असेल तर पोलिसांच्या उपस्थितीशिवाय ते उघडता येत नाही, आणि स्त्रियांच्या खोलीत शिरण्यापूर्वी त्यांना बाहेर पडण्याची संधी द्यावी लागते. उभे पीक जप्त झाले असल्यास ते योग्य वेळी कापून विक्रीपर्यंत साठवून ठेवता येते. विक्रीच्या दिवसाआधी सर्व रक्कम व खर्च भरला गेल्यास जप्ती तात्काळ उठवावी लागते.

विद्यार्थी अडखळतात ते स्थावराच्या लिलावापाशी. (परभणीकडे जुनी माणसे लिलावाला हर्रास म्हणतात.) समजा, पूर्णा तालुक्यातील एक शेत लिलावात २ लाख रुपयांस गेले. खरेदीदाराने १५ टक्के, म्हणजे ३० हजार रुपये जागेवरच भरावयाचे आणि उरलेले १ लाख ७० हजार १५ दिवसांत. पण एवढ्याने शेत हातचे गेले असे होत नाही. विक्रीपासून ३० दिवसांच्या आत मालकाने थकबाकी, व्याज व खर्च भरून शिवाय खरेदीच्या रकमेच्या ५ टक्के, येथे १० हजार रुपये, खरेदीदारासाठी जमा केले, तर विक्री रद्द करण्याचा अर्ज त्याला करता येतो. या ३० दिवसांची माहिती नसल्यामुळे जमीन गमावण्याची पाळी येऊ शकते. परीक्षेत हे गणित दोन-चार गुणांचे असेल. प्रत्यक्षात ते एका कुटुंबाच्या शेतीचे असते.

व्यापारी बँकांच्या वसुली प्रतिनिधींचा अभ्यासक्रम याहून निराळा आहे. वसुलीसाठी दांडगाई करणारी माणसे नेमण्याच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये कडक ताशेरे ओढले. त्यानंतर एप्रिल २००८ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने अशा प्रतिनिधींना किमान १०० तासांचे प्रशिक्षण देणाऱ्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचा पुरस्कार केला. मुंबईची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ही संस्था त्याची परीक्षा घेऊ लागली. या प्रतिनिधीला जप्तीचा अधिकार नसतो. त्याचे काम भेटणे, समजावणे व पाठपुरावा करणे एवढेच. ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर कर्जदारास वसुलीसाठी दूरध्वनी करण्यास, तसेच त्याला धमकावण्यास किंवा चारचौघांत अपमानित करण्यास मनाई केली. प्रतिनिधीने गैरवर्तन केल्यास त्याची जबाबदारी बँकेवरच राहते, हेही त्या वेळी स्पष्ट करण्यात आले.