खारट बेटावर लोणीफळ : मुहर्रकमध्ये घरी ॲव्होकॅडो वाढवताना

मुहर्रकच्या दुकानांत ॲव्होकॅडो बारमाही मिळतो. फळ खाऊन झाले की त्याची गुळगुळीत, मोठी बी टाकून देणे अनेकांच्या जिवावर येते. मग तिला तीन काड्या टोचून ती पाण्याच्या पेल्यावर ठेवली जाते. महिना-दीड महिन्यात बी उकलते, मूळ उतरते, कोंब वर येतो आणि हिवाळ्यात गच्चीवरच्या कुंडीत एक देखणे रोप डोलू लागते. एप्रिलपर्यंत सारे सुरळीत चालते. जूनमध्ये पानांची टोके तपकिरी होतात, जुलैत कडा करपतात आणि ऑगस्ट संपेपर्यंत कुंडीत बहुधा वाळकी काडी उरते. दोष उन्हाला दिला जातो. ऊन निर्दोष नसते. पण पहिला घाव बहुतेकदा मिठाचा असतो.

झाडाचा स्वभाव

ॲव्होकॅडो हे दालचिनी, कापूर आणि तमालपत्र यांच्या कुळातले, मध्य अमेरिकेतले झाड आहे. त्याचे तीन वंश मानले जातात. मेक्सिकन वंश थंडी सोसतो. पण क्षाराला सर्वांत हळवा असतो. ग्वाटेमालन वंश डोंगराळ प्रदेशातला, मध्यम स्वभावाचा. तिसरा वेस्ट इंडियन वंश उष्ण, दमट सखल भागातला; तो थंडीला भितो, परंतु क्षार आणि चुनखडीयुक्त जमीन इतर दोघांपेक्षा बरी सोसतो.

जगाच्या बाजारपेठेवर ज्याची सत्ता आहे, तो ‘हास’ हा वाण कॅलिफोर्नियातील रुडॉल्फ हास यांच्या बागेत निपजला आणि 1935 साली त्याचे पेटंट घेतले गेले. तो ग्वाटेमालन आणि मेक्सिकन अशा मिश्र रक्ताचा आहे. म्हणजे दुकानातल्या हास फळाची बी लावणारा माणूस मुहर्रकच्या मातीपाण्यासाठी नेमके चुकीचे मूळ निवडत असतो. शिवाय बीपासून वाढलेले झाड आईसारखे फळ देईलच असे नाही आणि फळावर यायला ते सात-आठ वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ घेते.

मुहर्रकची अडचण

येथे वर्षभरात जेमतेम 70 ते 80 मिलिमीटर पाऊस पडतो. ऑगस्टमध्ये दिवसाचे तापमान 38-39 अंशांच्या आसपास असते आणि रात्रीही पारा 30 च्या खाली क्वचितच उतरतो. ॲव्होकॅडोला साधारण 20 ते 28 अंश मानवतात. उथळ पसरणाऱ्या त्याच्या मुळांना टोकाशी केसाळ तंतू फारसे नसतात; त्यामुळे पाणी ओढण्याची त्याची क्षमता मुळातच बेताची. उष्ण वाऱ्यात पानांतून पाणी जितक्या वेगाने उडते, तितक्या वेगाने ते वर चढत नाही.

दुसरी अडचण जमिनीची. बेटाची माती वालुकामय, चुनखडीची आणि अल्कधर्मी आहे. अनेक नव्या वसाहती तर समुद्रात भराव घालून उभ्या राहिल्या आहेत. अशा मातीत लोह असूनही झाडाला ते मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण पाण्याची. बहारीनचे जुने वैभव गोड्या पाण्याच्या झऱ्यांवर उभे होते. समुद्राच्या तळाशी फुटणाऱ्या झऱ्यांतूनही लोक गोडे पाणी भरून आणत. अतिउपशामुळे ते भूजल खारावले आणि आज देशाची तहान प्रामुख्याने समुद्राचे पाणी गोडे करून भागवली जाते. मुहर्रकजवळच्या हिद्द येथील प्रकल्प त्यांपैकीच एक. हे पाणी माणसाला चालते; ॲव्होकॅडोला चालेलच असे नाही. मुळांभोवतालच्या क्षारांची खजुराला चालणारी पातळी ॲव्होकॅडोच्या मर्यादेच्या तिपटीच्या घरात आहे. क्लोराइड पानांच्या टोकांशी साचते आणि तेथूनच करप सुरू होते. समुद्राच्या पाण्यातील बोरॉनही गोड्या केलेल्या पाण्यात काही प्रमाणात उरू शकते. तेही या झाडाला मानवत नाही.

कोणते रोप घ्यावे

उपाय मुळापासून सुरू होतो. इस्रायलमध्ये खारट पाण्याची आणि चुनखडीच्या जमिनीची हीच समस्या होती. तेथील बागायतदारांनी वेस्ट इंडियन वंशाच्या निवडक खुंटांवर हव्या त्या वाणाचे कलम बांधण्याची वाट धरली. मुहर्रकमध्येही रोप विकत घेताना पहिला प्रश्न फळाच्या नावाचा नसून खुंट कोणत्या वंशाचा, हा असावा. वाणही उष्ण हवेतला निवडावा. फ्लोरिडात रुजलेले ‘सिमंड्स’ आणि ‘पोलॉक’ हे वेस्ट इंडियन वाण त्या प्रकारचे. त्यांची फळे मोठी, गुळगुळीत सालीची आणि कमी तेलाची असतात. हासचा लोण्यासारखा गर त्यांच्याकडून अपेक्षू नये.

चांगल्या कलमाला तीन-चार वर्षांत फुले येतात. बुदैया परिसरातील रोपवाटिकांत चौकशी करणे सोयीचे. भारतातून सामानात रोप घालून आणण्याचा मोह मात्र टाळावा. रोपांच्या आयातीला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते आणि मुळांबरोबर रोगही प्रवास करतो.

कुंडी, पाणी, सावली

भाड्याच्या घरात कुंडीच बरी, कारण तिच्यात माती आपल्या हाताची असते. किमान 60 ते 100 लिटरची, फिक्या रंगाची आणि तळाला भरपूर भोके असलेली कुंडी घ्यावी. काळी कुंडी दुपारी मुळे शिजवते. मिश्रणात धुतलेले कोकोपीट, पर्लाइट किंवा जाड वाळू आणि चांगले कुजलेले, क्षार कमी असलेले खत असावे. कोकोपीट न धुता वापरल्यास त्यातले मीठ थेट मुळांशी जाते. कुंडी विटांवर उचलून ठेवावी. पाणी तुंबल्यास फायटोफ्थोरा बुरशी मुळे कुजवते आणि त्या रोगातून झाड सहसा सावरत नाही.

पाणी देण्याआधी टीडीएस मापकाने तपासावे. आकडा 400 ते 500 च्या आत असल्यास काम चालते. वर गेल्यास दुसरी सोय पाहावी. ती बहुतेक घरांत टपकतच असते. मुहर्रकच्या दमट उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्राच्या नळीतून रोज कित्येक लिटर जवळजवळ क्षारविरहित पाणी वाया जाते. ते स्वच्छ बादलीत साठवून झाडाला द्यावे. त्यात कॅल्शियम नसते, म्हणून अधूनमधून थोडा जिप्सम मातीत मिसळावा. गच्चीवरच्या टाकीतले पाणी उन्हाळ्यात दुपारी हाताला चटका देण्याइतके तापते. ते रात्रभर सावलीत निववून पहाटे घालावे.

थोडे थोडे पाणी वारंवार शिंपडणे ही येथील सर्वसाधारण चूक. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. त्याऐवजी दर वेळी इतके पाणी द्यावे की दिलेल्याच्या दहाव्या ते पाचव्या भागाइतके तळातून बाहेर पडेल आणि साचलेले क्षार सोबत घेऊन जाईल. बशीत उतरलेले पाणी फेकून द्यावे. पाने पिवळी पडल्यास ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह द्यावे. अल्कधर्मी मातीत साधे फेरस सल्फेट फार काळ उपयोगी पडत नाही.

सावलीचे शिक्षण येथील जुन्या घरांकडून घेता येते. शेख ईसा बिन अली यांच्या वाड्यातील बादगीर, जाड भिंती आणि मधला चौक यांनी उन्हाळा सुसह्य केला. झाडालाही तशीच जागा हवी : सकाळचे ऊन, दुपारनंतर भिंतीची सावली आणि वायव्येकडून येणाऱ्या शमाल वाऱ्याला आडोसा. मे ते सप्टेंबर 50 टक्के शेडनेट लावावे. खोडाला पाण्यात कालवलेला पांढरा भिंतरंग लावल्यास साल भाजत नाही. मातीवर पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा. तो खोडाला मात्र टेकू नये. धुळीच्या वादळानंतर पाने गोड्या पाण्याने धुवावीत, कारण किनाऱ्यावर त्या धुळीबरोबर मीठही बसते.

फळाची आशा

येथील हिवाळा ही जमेची बाजू. जानेवारीत किमान तापमान 14-15 अंशांच्या आसपास राहते. दहिवराने गोठण्याचे भय नाही. फुलोरा हिवाळ्याच्या अखेरीस येतो. प्रत्येक फूल दोनदा उमलते, एकदा मादी म्हणून, एकदा नर म्हणून. ‘अ’ गटात मादीची वेळ सकाळची आणि नराची दुसऱ्या दिवशीच्या दुपारची. ‘ब’ गटात याच्या उलट. सिमंड्स ‘अ’ गटातला, पोलॉक ‘ब’ गटातला. म्हणून दोन गटांची दोन झाडे असल्यास फळधारणा सुधारते. तरीही हजार फुलांतून एखादे फळ टिकले तरी पुष्कळ. फेब्रुवारीत धरलेली फळे एप्रिल-मेच्या पहिल्या उष्ण वाऱ्यात गळतात आणि पुढचा सबंध उन्हाळा उरलेल्यांना झाडावर काढायचा असतो. फळ झाडावर मऊ होत नाही. ते काढल्यावरच पिकते. घरी पाळीव पोपट असल्यास पाने आणि फळ दोन्ही त्याच्यापासून दूर ठेवावीत; त्यातील पर्सिन पक्ष्यांना घातक ठरू शकते.

आता खरा हिशेब. आखातातील नोकरी बहुधा दोन-दोन वर्षांच्या करारावर चालते. झाड मात्र चार वर्षांचा करार मागते आणि त्यातही फळाची हमी देत नाही. उन्हाळी सुटीत घर महिनाभर बंद राहणार असेल आणि पाणी घालायला शेजारी नसेल, तर हा खटाटोप मांडूच नये. ज्यांना केवळ खाण्यापुरती झाडे हवी आहेत, त्यांना शेवगा, लिंबू, कढीपत्ता किंवा बहारीनमध्ये ‘कनार’ म्हणून ओळखले जाणारे बोर कितीतरी सोपे. येथे ‘लौझ’ म्हणून वाढणारा देशी बदाम तर कोकणातल्या अंगणातलाच.

एवढे जाणूनही ज्यांना ॲव्होकॅडो लावायचा आहे, त्यांनी ऑक्टोबरच्या अखेरीस कलम आणावे. म्हणजे पहिल्या जूनपूर्वी मुळांना सात महिने मिळतात. पहिल्या वर्षी फुले आल्यास खुडून टाकावीत. बदली झाल्यास कुंडी कोणाच्या गच्चीवर जाईल, हेही त्याच दिवशी ठरवून ठेवावे.