आईपण ही राजकीय भूमिका कशी होते? : प्लाझा दे मायोच्या माता

आज आपण 'आई' या शब्दाबद्दल बोलणार आहोत, पण ती घरातली आई नव्हे, चौकात उभी राहिलेली. आपल्याकडे आई म्हटलं की माया, त्याग, वात्सल्य हे शब्द आपोआप येतात. राजकारण येत नाही. आमचं म्हणणं असं आहे की राज्यसंस्थाच हिंसा करू लागते तेव्हा आईपण ही विचारपूर्वक घेतलेली राजकीय भूमिका होऊ शकते. त्यासाठी अर्जेंटिनाचं उदाहरण बघू.

24 मार्च 1976 ला तिथे लष्कराने सत्ता बळकावली. विद्यार्थी, कामगार, पत्रकार घरातून, रस्त्यावरून उचलले जाऊ लागले. अटकेची नोंद नाही, खटला नाही, प्रेतही नाही. लोकशाही परतल्यावर नेमलेल्या आयोगाने 1984 मध्ये सुमारे 9,000 बेपत्ता लोकांची नोंद केली. मानवाधिकार संघटना 30,000 हा आकडा सांगतात. यातली युक्ती नीट लक्षात घ्या. मृत्यूच नाकारला की सुतक नाही आणि खुनाचा गुन्हाही नाही. मग सरकारला अडचण उरते ती फक्त विचारत राहणाऱ्या माणसाची.

30 एप्रिल 1977 ला ब्युनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो या चौकात, राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीसमोर, 14 बायका जमल्या. पुढाकार होता असुसेना विल्याफ्लोर यांचा. जमावाला बंदी होती, म्हणून पोलिस म्हणाले, थांबू नका, चालत राहा. त्या चालू लागल्या, चौकातल्या स्तंभाभोवती. त्यातूनच दर गुरुवारची फेरी सुरू झाली. गर्दीत एकमेकींना ओळखता यावं म्हणून त्यांनी त्याच वर्षी डोक्याला पांढरं कापड बांधलं, ते बाळाच्या लंगोटाचं.

आता प्रश्न असा की, 'आई' म्हणूनच का? बाप गेले असते तर लगेच उचलले गेले असते, हा एक हिशेब होता. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपण ख्रिस्ती संस्कृती आणि कुटुंब वाचवतोय, असं लष्करशहाच सांगत होते. मग लेकरू शोधणाऱ्या आईला देशद्रोही कसं म्हणायचं? त्यांनी या बायकांना 'वेड्या' म्हटलं. म्हणजे राज्यकर्त्यांचाच शब्द त्यांच्यावर उलटवला गेला होता.

पण हे कवच नव्हतं. आल्फ्रेदो आस्तिस हा नौदलाचा अधिकारी बेपत्ता माणसाचा भाऊ बनून या गटात शिरला. डिसेंबर 1977 मध्ये 12 जणांना पळवून नेलं गेलं. त्यांत तीन माता होत्या, दोन फ्रेंच नन होत्या. असुसेना यांना 10 डिसेंबरला, मानवाधिकार दिनीच उचललं. समुद्रकिनारी लागून बेवारस म्हणून पुरलेल्या मृतदेहांमध्ये त्याही होत्या, हे 2005 मध्ये सिद्ध झालं. असुसेना गेल्यावरही बाकीच्या चौकात येत राहिल्या.

खरं वळण पुढे आहे. सुरुवातीला प्रत्येकीचं म्हणणं होतं, माझ्या मुलाने काही केलं नव्हतं. यात एक धोका आहे: ज्याने काही केलं असेल त्याला गायब करणं चालतं, असा अर्थ निघतो. पुढे त्यांच्यातल्या बऱ्याच जणी म्हणू लागल्या की आमची मुलं राजकीय कार्यकर्ती होती, आणि आम्ही सगळ्याच बेपत्तांच्या आया आहोत. 'माझा' जाऊन 'आमची' आलं. 1986 मध्ये संघटना फुटली. अवशेष उकरून ओळख पटवायची का, भरपाई घ्यायची का, यावर तीव्र मतभेद होते. दोन्हीकडे आयाच होत्या! आईचं दुःख सारखं असलं तरी त्यातून निघणारं राजकारण एकच नसतं, हे इथे दिसतं.

आपल्या देशातही हे घडलंय. जुलै 2004 मध्ये मणिपूरमध्ये आसाम रायफल्सने ताब्यात घेतलेल्या थांगजम मनोरमाचा मृतदेह सापडला. 15 जुलैला 12 बायकांनी इम्फाळच्या कांगला किल्ल्यासमोर विवस्त्र होऊन निदर्शनं केली. आपण सगळ्या मनोरमाच्या आया आहोत, असं त्या सांगत होत्या. हे नातं त्यांनी स्वतः निवडलं होतं.

या भूमिकेला मर्यादाही आहे. बहीण, बायको, मैत्रीण किंवा मूल नसलेली बाई यांचा प्रश्न समाज तितक्या आदराने ऐकेल का? आणि आई रडते तोवर सहानुभूती मिळते; ती हिशेब मागू लागली की तिला राजकारण करतेय म्हणतात. आमच्या मते त्या आरोपाला उत्तर साधं आहे: हो, करतेय. मूल राज्यसंस्थेने नेलं असेल तर त्याचा शोध राजकीयच असणार.