‘ओळखलंत का मला?’

दिवाळीत घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण चपला काढता काढता सासूबाईंना विचारतो, ‘ओळखलंत का मला?’ विचारणाऱ्याच्या मनात मायाच असते, पण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची ती तोंडी परीक्षा ठरते. ‘न ओळखायला काय झालं!’ असं म्हणून सासूबाई हसतात आणि पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळू लागतात. ते गुंडाळणं सुरू झालं की त्या बावरल्यात, हे मला कळतं.

म्हणून आमची दिवाळीची तयारी भाजणीच्याही आधी, फोनवर सुरू होते. एका वेळी दोघंच या, त्यांच्या समोर बसा आणि आपलं नाव-नातं आपणच सांगून टाका, असं मी सगळ्यांना बजावते. ‘मामी, मी तुमचा मधला भाचा, नाशिकचा.’ एवढा धागा हाती लागला की पुढचं त्या बोलतात. भाच्याच्या आईच्या हातच्या अनारशांपर्यंत पोचतात. स्मृतिभ्रंशाचं सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे अल्झायमर. त्यात नव्या आठवणी पक्क्या करणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर दुबळा होतो. सकाळचा पाहुणा दुपारी पुसला जातो, जुने अनारसे मात्र राहतात.

नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान आमच्याकडे पहाटे नाही, चांगली उन्हं आल्यावर होतं. अंधारात, थंडीत उठवून कुणी कपडे काढायला लावले तर घाबरायला होणारच. शॉवर नाही; बादली आणि तांब्या. अंगावर टॉवेल राहू द्यायचा आणि प्रत्येक गोष्ट आधी सांगून मग करायची. ‘आई, आता तेल लावते हं. डावा हात द्या.’ कोमट तेल लागलं की तो हात त्या स्वतःच चोळायला घेतात. उटण्याची वाटी पुढे केली तर बेताचं पाणी घालून नीट कालवतात आणि माझ्याच हाताला लावू लागतात. मी मुकाट्यानं लावून घेते.

करंज्यांचंही तसंच. कृती विचारली तर गडबडतात. पण लाटलेली पारी तळहातावर ठेवून सारणाचा चमचा हातात दिला, की कडेनं दुधाचं बोट फिरवून त्या पारी दुमडतात आणि अंगठ्यानं मुरड घालत जातात. माझ्यापेक्षा कितीतरी एकसारखी. हाताला सवयीनं बसलेली कामं मेंदूच्या वेगळ्या भागांवर चालतात, त्यामुळे ती उशिरापर्यंत टिकतात. कधी सारण भरायचंच राहतं आणि रिकामी करंजी मुरडली जाते. ती मी बाजूला ठेवते, चूक दाखवत नाही. तळण मात्र आत, माझ्याकडे.

दिवस कलला की बऱ्याच रुग्णांची अस्वस्थता वाढते आणि लक्ष्मीपूजन नेमकं त्याच वेळी. ‘मला घरी सोडा’ सुरू होतं. त्यामुळे अंधारायच्या आधीच घरभर दिवे लावते. लुकलुकणाऱ्या माळा काढून टाकल्या. रांगोळीत गडद रंग भरत नाही. काळसर ठिपका त्यांना खड्डा वाटतो आणि त्या दारातच थबकतात. पणत्या पदर पोचणार नाही अशा उंचीवर. फटाके सुरू झाले की खिडक्या बंद आणि भजनं चालू. सणात दार सारखं उघडं असतं, कुणाच्या तरी पाठोपाठ त्या जिना उतरून जातील, म्हणून दारावर एकाची नेमणूक आणि त्यांच्या बटव्यात पत्ता नि फोन नंबर.

भाऊबीजेला त्या विचारतात, ‘दादा अजून आला नाही?’ दादामामा जाऊन बरीच वर्षं झाली. खरं सांगावं तर ती बातमी त्यांच्यासाठी त्या क्षणी ताजी, आणि तासाभरानं प्रश्न पुन्हा हजर. दरवेळी नव्यानं रडवायचं कशाला? ‘दादामामा ओवाळणी काय घालायचे हो?’ असं मी विचारते आणि त्या सांगत बसतात. भाऊ नसला तर चंद्राला ओवाळायची रीत आहेच. आम्ही तबक घेऊन गॅलरीत जातो.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे शंभरात सातांहून अधिक. तुमच्या फराळाच्या फेरीतही असं एखादं घर असू शकतं. तिथे चकलीचा डबा नेला नाही तरी चालेल. पाडव्याच्या दुपारी माझी नणंद सासूबाईंपाशी बसते आणि मला खोलीत पिटाळते. मी त्या वेळात सण वगैरे काही करत नाही, सरळ झोपते. रुग्णाला ‘ओळखलंत का?’ विचारण्यापेक्षा सांभाळणाऱ्या बाईला एवढंच म्हणा, ‘मी बसते इथं दोन तास. तू जा.’