शंभरावा कोण? : अडथळ्यांच्या शर्यतीतील क्रमांक आणि मानांकन

श्रोतेहो, जत्रेतले कुस्त्यांचे मैदान आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. आरंभी रेवडीवरच्या कुस्त्या होतात. लहान पोरे मातीत लोळतात आणि प्रेक्षक हसून टाळ्या देतात. पुढे इनाम वाढत जाते, जोड वजनदार होत जातात, आणि दिवस कलला की सर्वांत मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती लागते. कोणती जोड केव्हा सोडावयाची हे पंच ठरवितात. आणि ते ठरविताना कोणता मल्ल किती तोलाचा, याचाही निवाडा नकळत होऊन जातो. क्रम ही नुसती सोय नव्हे, तो मान आहे. आज आम्ही याच गोष्टीचा विचार करणार आहोत. मात्र आमचे मैदान दूर जपानात आहे.

'ताकेशीज कॅसल' हा जपानी खेळ जावेद जाफरी यांच्या हिंदी समालोचनामुळे आपल्याकडे घरोघरी पोहोचला. टीबीएस या दूरचित्रवाणी संस्थेने तो १९८६ मध्ये सुरू केला होता. त्याच संस्थेने १९९७ मध्ये 'सासुके' नावाची अडथळ्यांची शर्यत सुरू केली. सासुके हे जपानी दंतकथांतील एका निंजाचे नाव. पहिल्या खेळात हसू अधिक होते. दुसऱ्यात घाम अधिक आहे. शर्यतीचे चार टप्पे असतात. पाण्यात पडला तो बाद, ठरलेली वेळ संपली तोही बाद. पहिल्या टप्प्याला शंभर जण उभे राहतात. शेवटच्या मनोऱ्यापाशी दोनचार पोहोचले तरी पुष्कळ, आणि कित्येकदा एकही पोहोचत नाही.

या शंभरांच्या छातीवर १ ते १०० असे क्रमांक असतात आणि सामान्यतः त्याच क्रमाने ते धावतात. दहाव्या स्पर्धेत हे क्रमांक ९०१ ते १००० असे दिले, विसाव्या स्पर्धेत १९०१ ते २०००, आणि तिसाव्या स्पर्धेत २९०१ ते ३०००. म्हणजे आरंभापासूनची मोजदादच छातीवर आली. क्रमांक कार्यक्रमाचे निर्माते देतात. नवखे आणि हौशी बहुधा आधी येतात. ज्यांची नावे प्रेक्षकांच्या तोंडी आहेत, ते नव्वदीच्या पुढे. शंभरावा क्रमांक हा तर मानाचा विडाच समजावयाचा.

आता कोणी विचारील की, येथे माणूस माणसाशी लढत नाही. तो अडथळ्याशी लढतो. मग कोणी आधी धावला काय आणि मागून धावला काय, फरक तो कसला? शंका रास्त आहे, पण उत्तर सोपे नाही. पहिला जो धावतो, त्याच्यापुढे नव्या अडथळ्यावर कोणी पडलेला नसतो. शेवटच्याने नव्व्याण्णव जणांच्या चुका पाहिलेल्या असतात. उलट शेवटच्याला तासन् तास ताटकळावे लागते, अंग थंड पडते आणि रात्रीचा गारठाही वाट्याला येतो. शिवाय दूरचित्रवाणीचा वेळ मोजका. आरंभीच्या कित्येकांची धाव क्षणभर दाखवून गुंडाळली जाते. शेवटच्यांची मात्र पायरी पायरी दिसते. वर्षभर सराव करून आलेल्या तरुणाला सतरावा क्रमांक मिळाला, तर तो पार झाला तरी जगाला दिसेलच असे नाही. आमच्या मते येथे खरी कसोटी लागते ती न्यायाची.

टेनिसमध्ये आपण ज्याला मानांकन म्हणतो, त्याचा हेतू निराळा आहे. दोन उत्तम खेळाडू पहिल्याच फेरीत समोरासमोर येऊन त्यांतला एक बाहेर पडू नये, म्हणून त्यांना कोष्टकात दूर दूर ठेवतात. विम्बल्डनने १९२७ मध्ये गुणवत्तेवर मानांकन करण्यास आरंभ केला. सासुकेत जोड्याच नाहीत, तेव्हा हे प्रयोजन उरत नाही. तेथे मानांकनाने खेळाडूंना परस्परांपासून दूर ठेवीत नाहीत. प्रेक्षकांना शेवटपर्यंत बसवून ठेवतात. तो नाटकाचा धर्म आहे, आणि त्यात वावगे काही नाही. मात्र नाटकाचा धर्म आणि खेळाचा धर्म एकच, असे कोणी मानू नये.

हा भेद अमेरिकेत स्पष्ट दिसला. याच शर्यतीची 'अमेरिकन निंजा वॉरियर' ही तेथील आवृत्ती. २०१५ मध्ये तिच्या अखेरच्या टप्प्याला दोघे पोहोचले. पंच्याहत्तर फूट दोर तीस सेकंदांत चढावयाचा होता. जेफ ब्रिटन आधी चढला, वेळ २९.६५ सेकंद. मागून आयझॅक कॅल्डिएरो चढला, त्याला २६.१४ सेकंद लागले. दोघांनीही शर्यत जिंकली असे म्हणावे, तर दहा लाख डॉलरचे पारितोषिक ज्याची वेळ कमी त्यालाच मिळावयाचे होते. कॅल्डिएरोची चढाई निर्विवाद सरस होती. परंतु मागून चढणाऱ्याला किती सेकंदांना हरवावयाचे हे ठाऊक असते, आधी चढणाऱ्याला ते नसते. माणसाची तुलना माणसाशी होऊ लागली, की क्रम हाही एक अडथळा होतो.

यावर उपाय नाही असे नव्हे. १९९२ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटनच्या 'ग्लॅडिएटर्स' या कार्यक्रमात आधीच्या खेळांतले गुण शेवटच्या शर्यतीत वेळेत बदलत; एका गुणाच्या आघाडीला अर्धा सेकंद आधी सुटण्याची मुभा. आधुनिक पेंटॅथलॉनच्या शेवटच्या धावेत एका गुणाला एक सेकंद मिळतो. पुढे आहे तो आधी सुटतो, म्हणून जो प्रथम पोहोचला तोच विजयी, हे कोणत्याही मुलाला कळते. याच पेंटॅथलॉनमध्ये २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून घोडेस्वारीच्या जागी अडथळ्यांची शर्यत यावयाची आहे. म्हणजे करमणुकीतला हा प्रश्न आता ऑलिंपिकच्या दारी आला. बर्फावरच्या स्लॅलम शर्यतीत उलट रीत आहे. विश्वचषकात दुसऱ्या फेरीला पहिले तीस जण उलट्या क्रमाने उतरतात. तिसावा आधी, पहिला शेवटी. उत्कंठा टिकते, आणि आघाडीवीराला खरवडलेल्या वाटेवरून उतरून आपली आघाडी सिद्ध करावी लागते.

तेव्हा क्रम लावण्याच्या रीती तीन : चिठ्ठी टाकणे, कमाईवर देणे आणि रंगत पाहून देणे. चिठ्ठीत समता आहे, कमाईत न्याय आहे, रंगतीत मौज आहे. तिन्ही चालतील; पण कोणती रीत चालणार हे आधी जाहीर व्हावे. रंगतीसाठी दिलेला क्रमांक गुणवत्तेचा म्हणून मिरवू नये, एवढेच आमचे म्हणणे.

शेवटी एक आठवण. सासुकेचे चारही टप्पे पार करणारा पहिला माणूस काझुहिको अकियामा. तो खेकडे पकडणाऱ्या नावेवर काम केलेला मच्छीमार, आणि त्याची दृष्टीही अधू होती. १९९९ मध्ये पंधरा मीटर दोर तीस सेकंदांच्या आत चढून त्याने विजयाचा मान मिळविला. दोराला छातीवरचा आकडा वाचता येत नाही. क्रमांकाने कळते ते इतकेच, की लोकांची आपल्याकडून अपेक्षा काय आहे. आपली ताकद किती, हे हात दोराला लागल्यावरच कळावयाचे. क्रमांक देणाऱ्यांनी हे विसरू नये, आणि सतराव्या क्रमांकाच्या तरुणानेही विसरू नये.