आकाशातून मोजलेली पृथ्वीची ओढ

झाडावरचे फळ खालीच का पडते, हे शाळेत जाणारी आपली मुलेही सांगतील. पृथ्वी त्याला ओढते म्हणून! या ओढीलाच गुरुत्वाकर्षण म्हणतात. पण ही ओढ सगळीकडे सारखी नसते. जमिनीखाली जड खडक असेल तेथे ती किंचित जास्त, नसेल तेथे किंचित कमी. हा फरक नीट मोजता आला, तर जमीन न खणताही तिच्या पोटातले कळू शकते.

हे काम उपग्रहाकडून करून घ्यायचे, तर एक अडचण येते. उपग्रह फार उंच असेल तर बारीक फरक पुसट होतात. फार खाली आणला तर हवेच्या घर्षणाने तो कोसळतो. यावर १९७० नंतरच्या दशकात इटलीचे शास्त्रज्ञ ज्युसेप्पे कोलंबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती मांडली. विहिरीत पोहरा सोडतात, तशी उंचावरच्या यानातून लांब दोरीने उपकरणे खाली सोडायची!

अशा दोरीची परीक्षा अवकाशात झाली. १९९२ साली अटलांटिस यानातून सोडलेली दोरी सुमारे २६० मीटरवरच अडकली. फेब्रुवारी १९९६ मध्ये कोलंबिया यानातून ती जवळजवळ २० किलोमीटर सुटली, आणि विजेच्या ठिणगीने जळून तुटली. उपग्रह हातचा गेला. हे प्रयोग मुख्यतः विजेचे होते; गुरुत्वाकर्षण मोजण्याची पाळी आलीच नाही.

पण शास्त्रज्ञ थांबले नाहीत. २००२ साली अमेरिका व जर्मनीने ‘ग्रेस’ नावाचे दोन उपग्रह सोडले. दोघांत दोरी नाही; एकामागे एक, सुमारे २२० किलोमीटर अंतराने ते फिरत. जास्त ओढीच्या जागेकडे पुढचा आधी खेचला जाई आणि अंतर वाढे. केसाच्या जाडीहून लहान असा हा बदल लहरींनी मोजला जाई.

त्यातून काय दिसले? पाणीही जड असते. ते कमी झाले की ओढ कमी होते. पंजाब, हरियाणा व राजस्थान या भागात २००२ ते २००८ या काळात सुमारे १०९ घनकिलोमीटर भूजल घटले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. पावसात मोठी तूट नव्हती. शेतीसाठी झालेला उपसाच त्याला मुख्यतः कारणीभूत होता.

ज्याच्याजवळ पैसा, तो आणखी खोल बोअर मारतो. ज्याचा आधार हातपंप, त्याचे पाणी आधी आटते. जमिनीखालचे पाणी कुणा एकाचे नाही. ते किती घटले, हे आता आकाशातून मोजता येते. म्हणून आपल्या मुला-मुलींनी हे विज्ञान शिकावे, आणि हिशेब मागावा!